पाचपावली

पाच पावल्या म्हणजे सव्वा रुपया.
आमच्या वस्तीचं नाव बाबा असं सोडवून सांगत.
खरं काय ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.
पावकी, निमकी, पाऊणकी तोंडपाठ,
चोवीस सव्वे तीस म्हणता म्हणता
इतवारीच्या दुकानात मीटरपट्टीवरून
कापड सरसर पुढे जायचं.
पण दशांश चिन्ह दिसलं की विचारत,
"हे माशी बसल्यावानी काय आहे?"

सहावीत बारापात्रे बाईंनी शिकवलं,
गुणताना टिंब विसरायचं.
पूर्णांक समजून सरळ गुणायचं,
मग दोघांची मिळून घरं मोजायची
आणि तेवढी उजवीकडून सोडून
टिंब परत द्यायचं.
मी वहीत लिहिलं :
विसरलेलं मोजून परत द्यायचं.
बाईंनी खाली लाल रेघ मारली.
बरोबरची की चुकीची, अजून कळलेलं नाही.

शून्य पूर्णांक पाच गुणिले शून्य पूर्णांक पाच.
उत्तर आलं शून्य पूर्णांक पंचवीस.
"काऊन पण, बाबा? गुणलं त वाढाले पायजे ना?"
बाबांनी अस्तराची चिंधी घेतली,
दुमडली.
पुन्हा दुमडली.
"अर्ध्याचं अर्धं. पाव. झालं."
मग कात्री पुसत, माझ्याकडे न बघता,
"गिरणीत शेवटी शेवटी काम अर्धेच दिवस होतं,
अन् रोजीही अर्धी.
पाव कसा असते, तुह्या मायले विचार."
आई पोळी लाटत होती. तिला मी विचारलं नाही.

एप्रिलची सुट्टी. दुकानात कूलरचा खस वास,
बाबा मागे गठ्ठे उचलायला गेलेले.
मोरपंखी पदराची एक बाई,
पाऊण मीटर अस्तर, बेचाळीस रुपये दर.
पंचाहत्तर गुणिले बेचाळीस, एकतीसशे पन्नास.
मग मी घरं मोजली.
पुढचं शून्यसुद्धा मोजलं.
बिल केलं तीन रुपये पंधरा पैसे.
त्या बाईने बिलाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं,
तीन रुपये आणि चार आणे टेकवले,
आणि दहा पैसेही परत न मागता
झपझप उतरून गेली पायऱ्या.

शेठने रात्री गल्ला मोजला.
बाबांनी वरच्या खिशातून पैसे काढून ठेवले.
सायकलवर मी पुढच्या दांडीवर,
फाटक बंद, मालगाडी संपता संपेना.
बाबांनी धुळीने भरलेल्या टेम्पोच्या दारावर
बोटाने शून्य काढलं, त्यापुढे टिंब, मग सात, मग पाच.
बाईंकडून समजून घेतलं होतं त्यांनी,
कधी, ते मला सांगितलं नाही.
"हे शून्य दारात उभं आहे, पोरी,
घरात राहत नाही.
त्याले मोजायचं नाही.
पण हाकलायचंही नाही.
त्याच्यामुळे टिंब दिसते."
डबे जात राहिले. मी डबे मोजत राहिले,
बाबांचा सदरा पाठीला टेकत होता, ओला.

आता मेडिकलमध्ये रात्रपाळी.
खाट क्रमांक अकरा, वजन सात पूर्णांक चार,
डॉक्टरांनी लिहिलंय : किलोमागे शून्य पूर्णांक पंधरा.
मोबाइलवर आकडेमोड होते, तरी
कागदाच्या कोपऱ्यात मी हातानेही करते.
पंधरा गुणिले चौऱ्याहत्तर, अकराशे दहा.
एक घर इकडचं, दोन तिकडची.
दारातल्याला सोडून.
एक पूर्णांक अकरा.
नवीन आलेली हेमलता विचारते,
"ताई, दोनदा कशाला?"

सिरिंज उजेडाकडे धरून
मी बारीक रेघा वाचत असते.
बाळाची आई माझ्या हाताकडे बघते,
तिच्या मांडीवर पदराची घडी,
अर्धी, मग अर्ध्याची अर्धी,
मग ती उलगडते, आणि पुन्हा घालते.